बंदिस्त जवान आणि त्याचे घर

(सौंसर येथे सैनिक कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सभा सुरू होण्यापूर्वी मी बाहेर उभा असताना एक वृद्ध गृहस्थ माझ्याजवळ आले. मला बाजूला घेऊन, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "साहेब, पोरगा चोर नाही जी. मायच्या दुखण्यापायी रजा संपल्यावर उशिरा हजर झाला. आता त्याले तिकडे कोंडून ठेवलं म्हणतात. कोणाले विचाराव?" मी त्यांचे नाव विचारले. त्यांनी मान हलवली आणि ते मागच्या रांगेत जाऊन बसले. ते अजूनही तेथेच आहेत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये, एवढी विनंती करतो.

आज मी सैनिक कल्याणाच्या योजनांविषयी बोलणार होतो. त्या योजनांची पत्रके दाराशी ठेवली आहेत, ती जाताना अवश्य न्यावीत. बोलणार मात्र आहे त्या गृहस्थांनी विचारलेल्या प्रश्नाविषयी. कारण सौंसर आणि पांढुर्णा या दोन तालुक्यांतून कामठी, सागर, जबलपूर, बेळगाव येथील प्रशिक्षण केंद्रांकडे जाणाऱ्या मुलांची मिरवणूक आपण काढतो, वीरमरण आले तर सारा गाव लोटतो, पण जवान लष्करी कोठडीत आहे म्हटले की त्या घराच्या ओट्यावर बसणारे लोकही कमी होतात. घरातील माणसेही गप्प होतात. हे गप्प होणे हाच त्या जवानावर येणाऱ्या संकटाचा मोठा भाग असतो, असे माझे मत आहे.

जवानाला बंदिवास दोन प्रकारांनी घडू शकतो. एक शत्रूच्या हाती सापडल्याने आणि दुसरा आपल्याच सैन्याच्या शिस्तीखाली. पहिल्या बंदिवासात देश पाठीशी उभा राहतो. दुसऱ्यात बहुधा घर एकटे पडते. धुळे जिल्ह्यातील बोरविहीर गावच्या चंदू चव्हाण या जवानाच्या वाट्याला हे दोन्ही बंदिवास एकाच वर्षाच्या अंतराने आले. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीस तो जम्मू-काश्मीरमधील नियंत्रणरेषा ओलांडून पाकिस्तानच्या ताब्यात गेला. ती बातमी ऐकून ज्या आजीने त्याला लहानाचा मोठा केला होता, तिने प्राण सोडला. त्यावेळी संरक्षण राज्यमंत्री असलेले डॉ. सुभाष भामरे हे धुळ्याचेच खासदार होते. त्यांच्यासह अनेकांनी पाठपुरावा केला आणि २१ जानेवारी २०१७ रोजी वाघा सीमेवर तो भारताच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात, वरिष्ठांना न सांगता ठाणे सोडल्याबद्दल लष्करी न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. सुनावलेली कैद तीन महिन्यांच्या आतलीच होती. शिक्षा योग्य होती की नव्हती, हे येथे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. शस्त्र घेऊन ठाणे सोडणे ही सैन्यात लहान गोष्ट नव्हे. पण सुटकेच्या वेळी जेवढा गाजावाजा झाला, तेवढी विचारपूस शिक्षेच्या वेळी झाली नाही, हे आपणा सर्वांना आठवत असेल. माणूस तोच होता, घरही तेच होते.

आता पहिल्या प्रकारच्या बंदिवासाकडे थोडे अधिक पाहू, कारण त्यातून दुसऱ्याविषयी शिकण्यासारखे बरेच आहे. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्धकैद्याने स्वतःचे नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत त्याला आपल्या घरी एक कार्ड धाडता आले पाहिजे. पत्रांच्या संख्येवर मर्यादा घालावीच लागली, तरी दरमहा दोन पत्रे आणि चार कार्डे यांहून कमी करता येत नाही. जगभरच्या राष्ट्रांचे प्रतिनिधी दोन महायुद्धांचा अनुभव घेऊन बसले आणि त्यांनी एवढ्या बारकाईने पत्रांची संख्या ठरवली. भाकरीइतकेच पत्रही कैद्याला जगवते, हे त्यांना पुरते कळले होते.

१९७१ च्या युद्धातील दोन मराठी वैमानिकांची हकीकत सांगतो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परूळकर यांचे विमान १० डिसेंबर रोजी लाहोरच्या बाजूस पडले आणि ते रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत गेले. पुढील ऑगस्टमध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह भिंत फोडून पलायन केले. अफगाण सरहद्दीपासून काही मैलांवर, लंडी कोतल येथे, ते लंडी खाना या ठिकाणाची चौकशी करू लागले आणि तेथेच लोकांना संशय आला. नकाशावर दिसणारे ते रेल्वे स्थानक कित्येक वर्षांपूर्वीच बंद पडले होते! जुन्या नकाशाने घात केला म्हणावयाचा. पलायन फसले तरी जिनिव्हा करारानुसार त्याबद्दल केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि तीही एका वेळी तीस दिवसांहून अधिक नाही. परूळकर आणि त्यांचे सहकारी डिसेंबर १९७२ मध्ये मायदेशी परतले. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसरे फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोटवरील हल्ल्यात त्यांचे विमान पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आली, त्यात त्यांच्या आडनावाशी जुळणारे नाव होते. परंतु कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा ते आले नाहीत. पाकिस्तानने असा कोणी कैदी आपल्याकडे नसल्याचेच सांगितले. १९७१ पासून बेपत्ता मानल्या गेलेल्या ५४ सैनिकांमध्ये त्यांचे नाव आहे. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या होत्या आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळालेला होता. विवाहाला दोन वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर त्यांनी किती अर्ज केले, किती मंत्र्यांच्या, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या, याची मोजदाद करणे कठीण आहे. २००७ मध्ये बेपत्ता सैनिकांच्या नातेवाइकांचे मंडळ पाकिस्तानातील तुरुंग पाहण्यास गेले, त्यात त्याही होत्या. हाती काही लागले नाही.

या दोघांत फरक कोणता? शौर्यात नाही, नशिबाचाही फरक मी सारा मानत नाही. एकाचे नाव छावणीच्या अधिकृत नोंदीत होते. दुसऱ्याचे नाव फक्त वर्तमानपत्राच्या एका कागदावर राहिले. कोठडीतल्या माणसाचे रक्षण करणारी पहिली गोष्ट म्हणजे त्याची नोंद. ती नोंद झाली की नाही हे विचारणारे माणूस ही दुसरी. दमयंतीबाईंच्या पाठीशी दुसरी गोष्ट पन्नास वर्षे होती, पहिली नव्हती.

आणखी एक प्रसंग मला सांगितल्यावाचून राहवत नाही. नौदलातील निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये पकडल्याचे जाहीर केले आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड सुनावला. २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत त्यांच्या आई आणि पत्नी यांची त्यांच्याशी भेट घडवण्यात आली. मध्ये काचेची भिंत होती. भेटीपूर्वी मंगळसूत्र, बांगड्या आणि कुंकू उतरवावयास लावले. आई मुलाशी मराठीत बोलू लागली की तिला अडवण्यात येई, असे भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितले. आईने मुलाशी आपल्या भाषेत बोलू नये! १७ जुलै २०१९ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की, भारतीय वकिलातीला त्यांच्यापर्यंत पोहोचू न देऊन पाकिस्तानने व्हिएन्ना करारातील छत्तिसाव्या कलमाचा भंग केला आहे. त्या निकालाने ते सुटले नाहीत. पण "आमच्या माणसाला भेटू द्या" ही मागणी म्हणजे उपकाराची याचना नसून हक्क आहे, हे जगातील सर्वोच्च न्यायासनाने मान्य केले.

परक्याच्या कोठडीत हा हक्क आहे, तर आपल्या सैन्याच्या कोठडीत तो नसेल काय? आहे. मी वकील नव्हे, तेव्हा कायद्याचा कीस काढणार नाही. परंतु १९५० चा सेना अधिनियम कोणालाही वाचता येतो आणि त्यातील चार गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात.

रजेवरून उशिरा हजर होणे, हुकूम न पाळणे अशा गुन्ह्यांसाठी जवानाला प्रथम पलटणीच्या क्वार्टर गार्डमध्ये ठेवतात. तो तेथे आहे हे कमांडिंग ऑफिसरला कळवल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत त्याच्यावरील आरोपाची चौकशी सुरू व्हावी, अशी जबाबदारी कलम १०२ ने कमांडिंग ऑफिसरवर टाकली आहे. रविवार आणि सुट्या त्यात धरत नाहीत. चौकशी शक्य झाली नाही तर कारणासह वर कळवावे लागते. युद्धसेवेवर नसलेला जवान आठ दिवसांहून अधिक कोठडीत राहिला आणि कोर्ट मार्शल भरवण्याचा आदेश निघाला नाही, तर कलम १०३ प्रमाणे विलंबाचा खास अहवाल द्यावा लागतो आणि पुढे दर आठ दिवसांनी तसाच अहवाल द्यावा लागतो. म्हणजे कोठडीतील प्रत्येक आठवड्यामागे एक कागद असावा, अशी कायद्याची इच्छा आहे. तो कागद आहे का, हे नम्रपणे विचारण्यात बेशिस्त नाही.

लहान गुन्ह्यांत कमांडिंग ऑफिसर कोर्ट मार्शल न भरवता स्वतःच शिक्षा देऊ शकतात. ती अठ्ठावीस दिवसांपर्यंत सैनिकी कोठडीतील कैद असू शकते. कोर्ट मार्शलची कैद तीन महिन्यांपर्यंतची असेल, तर ती सैनिकी कोठडीतच भोगण्याचा आदेश होऊ शकतो. त्याहून मोठी असेल तर सैनिकी वा नागरी तुरुंग. खटल्यापूर्वी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. १९९२ च्या दुरुस्तीने ही तरतूद आली. घरच्यांनी हे दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावेत. मी हे अगदी गंभीरपणे सांगत आहे.

शिक्षा झाली म्हणून दाद मागण्याचा रस्ता बंद होत नाही. कलम १६४ नुसार कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध वरिष्ठ अधिकारी, सेनाप्रमुख किंवा केंद्र सरकार यांच्याकडे अर्ज करता येतो. खटल्याच्या कामकाजाची प्रत मागण्याचा हक्क जवानाला आहे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले आणि ते ऑगस्ट २००९ पासून काम करू लागले. आपल्या मध्य प्रदेशासाठी त्याचे न्यायासन जबलपूरला आहे, महाराष्ट्राच्या बाजूस असणाऱ्यांसाठी मुंबईला. पण येथे एक खाच आहे. समरी कोर्ट मार्शलमध्ये बडतर्फी झाली नाही आणि कैद तीन महिन्यांहून अधिक नसेल, तर ते प्रकरण कायद्याच्या व्याख्येने न्यायाधिकरणाच्या सेवाविषयक कक्षेबाहेर ठेवले आहे. अशा वेळी कलम १६४ चा अर्ज आणि उच्च न्यायालय हे मार्ग राहतात. म्हणून "थोड्याच दिवसांची तर कैद आहे, जाऊ द्या" असे म्हणण्यापूर्वी जाणत्या वकिलाचे मत घ्यावे. थोड्या दिवसांच्या कैदेची नोंदही सेवापुस्तकात कायम राहते.

न्याय मिळतो का, असे कोणी विचारील. रणजित ठाकूर या सिग्नल दलाच्या जवानाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ च्या निकालात नोंदलेले आहे. वरिष्ठांनी जाच केल्याची तक्रार त्याने थेट मोठ्या अधिकाऱ्यांकडे धाडली, म्हणून त्याला अठ्ठावीस दिवसांची सक्तमजुरी झाली. ती भोगत असता मे १९८५ मध्ये त्याने जेवण घेण्याचा हुकूम मानला नाही. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल भरले आणि एक वर्षाची कैद झाली. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध त्याची तक्रार होती, तोच न्यायासनावर होता, आणि न्यायासनाविषयी काही हरकत आहे का, हे कायद्याने विचारणे आवश्यक असतानाही त्याला विचारले गेले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ती सारी कारवाई रद्द केली, शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अतोनात असल्याचे म्हटले आणि जवानाला सर्व लाभांसह सेवेत परत घेतले. सैन्याला शिस्त हवीच. पण शिस्तीलाही कायद्याची चौकट आहे, हे न्यायालयाने सांगितले.

आता घराची बाजू. सर्वांत आधी बसतो तो पगाराचा चटका. ज्या आरोपात पुढे दोषी ठरला त्यासाठी कोठडीत काढलेल्या दिवसांचे वेतन कलम ९१ प्रमाणे कापले जाऊ शकते. शत्रूच्या कैदेत असलेल्या जवानाच्या आश्रितांसाठी त्याच्या वेतनातून तजवीज करण्याचे कलम त्याच अधिनियमात आहे. शिस्तीखालच्या कैदेत असलेल्याच्या घराने मात्र आपली तजवीज स्वतःच पाहावी लागते. ट्रॅक्टरचा हप्ता, मुलांची फी, संत्र्याच्या बागेचे औषध, सारे त्याच महिन्यात येऊन ठेपते. अशा वेळी बँकेत आधी जाऊन सांगितलेले बरे. हप्ता थकल्यावर सांगितले तर कोणी ऐकत नाही.

विनामूल्य कायदेशीर मदत मिळू शकते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीत असलेली व्यक्ती, तसेच कोणतीही स्त्री, उत्पन्न न पाहता अशा मदतीस पात्र आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली आणि जिल्हा सैनिक मंडळांमधून सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांना कायद्याचा सल्ला देण्याची सोय केली. २०२३ पासून आपला जिल्हा छिंदवाड्याहून वेगळा होऊन पांढुर्णा झाला आहे, तेव्हा कोणते कार्यालय कोठे बसते याची नीट चौकशी करूनच गाडीभाडे खर्चावे.

आणि पत्र. जवानाला पत्र लिहावयाचे ते काय लिहावे, हा प्रश्न फार जणींनी मला खाजगीत विचारला आहे. "तू आमचे नाक कापले" हे वाक्य लिहू नये. त्याच्या खटल्याविषयी, पलटणीच्या हालचालीविषयी काही लिहू नये, कारण ते पत्र दुसरे कोणी वाचू शकते आणि त्याचा उलटा परिणाम त्याच्यावरच होतो. म्हैस व्याली, थोरलीला ताप होता तो उतरला, मृग बहाराची फळे बरी धरली आहेत, पोळ्याला बैल सजवले, हे लिहावे. आई लिहू शकत नसेल तर नातवाकडून लिहवून घ्यावे, पण शब्द तिचेच असावेत. जाधवांच्या आईला जी भाषा बोलू दिली नाही, ती आपल्याला येथे कोणी अडवलेली नाही.

वर्तमानपत्राकडे किंवा मोबाईलवरील गटांकडे धाव घेण्याचा मोह अशा वेळी होतो. तो आवरावा. सैनिकाला प्रसिद्धीविषयी सेना नियमांची बंधने आहेत आणि घरच्यांनी उठवलेला गलबला त्याच्या अंगाशी येऊ शकतो. प्रसिद्धीच्या खात्यातील माणूस हे सांगतो आहे, याची मला जाणीव आहे! जामसांवळीच्या मारुतीला नवस बोलावा, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याच दिवशी अर्जही पाठवावा, स्पीड पोस्टने, आणि पावती जपून ठेवावी.

अर्ज कोणाच्या नावे करावा, असे पुष्कळांना कळत नाही. पहिला अर्ज जवानाच्या कमांडिंग ऑफिसरच्या नावे, पलटणीच्या ५६ किंवा ९९ ए.पी.ओ. या पत्त्यावर. त्यात फक्त विचारावे: माझा मुलगा अमुक तारखेपासून कोठडीत असल्याचे समजते, त्याच्यावर कोणता आरोप आहे, त्याची प्रकृती कशी आहे, त्याला भेटता येईल काय, त्याला वकील किंवा मित्राची मदत मिळेल काय. तक्रार नको, शिव्याशाप नकोत. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याची प्रत जोडून त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावे. गार्ड्सच्या जवानाचे कामठीला, महारच्या जवानाचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचे बेळगावला.

सभा संपल्यावर मी आणि येथील दोन माजी सुभेदार साहेब या टेबलाशी बसणार आहोत. ज्यांना अर्ज लिहून हवा असेल त्यांनी जवानाचा सैनिक क्रमांक, पलटणीचे नाव, त्याचे शेवटचे पत्र किंवा मनीऑर्डरची पावती आणि तो घरून निघाल्याची तारीख एवढे सोबत आणावे. आपले नाव आम्ही मोठ्याने विचारणार नाही. ते अर्जाच्या खाली आपणच लिहावयाचे आहे. कागद आणि पाकिटे येथे ठेवली आहेत, तिकिटांचे पैसे आणले नसतील तरी चालेल. डाकघर बंद होण्यापूर्वी जेवढे लिहून होतील तेवढे अर्ज आजच टाकू.